दोष विश्वासूचा की मंडळीचा?

पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्या निर्मळ होत्या आणि पुढे सत्ता, संपत्ती व पंथभेद यांनी त्या बिघडल्या, अशी समजूत ख्रिस्ती समाजात आणि त्याच्या बाहेरही रुळलेली आहे. नवा करार मात्र तिला दुजोरा देत नाही. यरुशलेमेच्या अगदी पहिल्या मंडळीत हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग लपवला आणि सगळाच दिल्याचे भासवले. त्याच मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार उठली. करिंथची मंडळी पौलाने इ.स. ५० च्या सुमारास उभी केली. चार-पाच वर्षांत तिथे पौलाचे, अपुल्लोसाचे, केफाचे असे तट पडले, विश्वासू एकमेकांना कोर्टात खेचू लागले आणि प्रभुभोजनाच्या बैठकीत सधन लोक आधी खाऊन-पिऊन घेऊ लागले, तर कष्टकरी उपाशी राहू लागले. सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढे बसवायचे आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे ठेवायचे, या प्रकाराची याकोबाच्या पत्राने खरडपट्टी काढली आहे. मंडळ्या सुरळीत चालल्या असत्या तर नव्या करारातली निम्मी पत्रे लिहावीच लागली नसती.

यरुशलेमेच्या दोन्ही घटना प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात जवळजवळ आल्या आहेत, पण त्यांचा निवाडा वेगवेगळ्या रीतीने झाला. हनन्या आणि सप्पीरा यांचा दोष त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचे फळ त्यांनाच भोगावे लागले. विधवांच्या बाबतीत कोणा वाढप्याला पकडून शिक्षा केल्याचा उल्लेख नाही. तिथे व्यवस्थाच चुकत होती, म्हणून ती बदलली. सात जण नेमले गेले आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले असे दिसते. एक दोष माणसाचा आणि दुसरा मंडळीच्या रचनेचा, हा फरक इथे कोणी सिद्धांत म्हणून मांडलेला नाही. पण तो कृतीत आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत ख्रिस्ती विचाराने पहिल्या प्रकारच्या दोषाची फार बारीक चिकित्सा केली आणि दुसऱ्याकडे वारंवार पाठ फिरवली. छत्तीसगडमधल्या मंडळ्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

मंडळी म्हणून मंडळीला जाब विचारण्याचा सर्वांत ठसठशीत नमुना प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात सापडतो. पात्म बेटावर असलेल्या योहानाने आशिया प्रांतातल्या सात शहरांना निरोप धाडले: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. ही सगळी ठिकाणे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात आहेत. बहुतेक अभ्यासक या लिखाणाचा काळ डोमिशियन बादशहाच्या अखेरच्या वर्षांत, इ.स. ९५ च्या आसपास धरतात. इफिसची मंडळी कष्टाळू होती, खोट्या प्रेषितांना पारखून बाहेर काढणारी होती, तरी तिचे पहिले प्रेम आटले होते. पर्गम आणि थुवतीरा येथे मूर्तींना वाहिलेल्या अन्नाच्या पंगतींशी तडजोड चालली होती. रोमी शहरांत व्यापारी आणि कारागिरांच्या संघांच्या पंगतींत देवतांना नैवेद्य असे, त्यामुळे ही तडजोड धर्माइतकीच पोटापाण्याचीही होती. सार्दीसची ख्याती जिवंत असल्याची होती आणि अवस्था मेल्याची. त्या शहराचा डोंगरी किल्ला अभेद्य समजून पहारा ढिला ठेवल्यामुळे इतिहासात दोनदा, आधी कायरसच्या आणि नंतर तिसऱ्या अँटिओकसच्या सैन्याच्या हाती पडला होता. जागे राहण्याची ताकीद तिथल्या लोकांना चांगलीच समजली असणार.

लावदिकीयाचे प्रकरण याहून बोलके आहे. हे सावकारी पेढ्यांचे आणि काळ्या लोकरीचे शहर होते. इ.स. ६० मधल्या भूकंपात ते पडले, तेव्हा सरकारी मदत न घेता ते स्वतःच्या बळावर पुन्हा उभे राहिले, असे रोमी इतिहासकार टॅसिटस याने नोंदवले आहे. शहराचा हाच स्वभाव मंडळीत उतरला होता. आपल्यापाशी सगळे आहे, कोणाची गरज नाही, असे तिला वाटत होते. शेजारच्या हिएरापोलिसला औषधी गरम झरे होते आणि कलस्सैला थंडगार पाणी. लावदिकीयाचे पाणी दुरून पाटाने यायचे आणि ते धड गरमही नसे, धड थंडही नसे. कोमट असल्याचा ठपका सहसा भक्तीतल्या जोमाबद्दल समजला जातो. स्थानिक पाण्याचा संदर्भ धरला तर तो निरुपयोगी होण्याबद्दल आहे: आजाऱ्याला शेक देता येत नाही आणि तहानलेल्याला गारवाही नाही. ज्या दोन मंडळ्यांना एकही दोष लावलेला नाही त्यांतली स्मुर्णाची गरीब आहे आणि फिलदेल्फियाची दुबळी.

या निरोपांची रचनाही ध्यानात घ्यायला हवी. प्रत्येक निरोप त्या मंडळीच्या दूताच्या नावे आहे. हा दूत देवदूत की मंडळीचा प्रमुख, यावर मतभेद असले तरी एखाद्या पापी सभासदाला तो उद्देशून नाही हे उघड आहे. आणि सातही निरोप एकाच पुस्तकात बांधून सर्वांना पाठवले गेले. म्हणजे इफिसच्या लोकांनी लावदिकीयाची कानउघाडणी ऐकली आणि लावदिकीयाने इफिसची. कोणाचीच झाकली मूठ राहिली नाही.

दुसऱ्या शतकापासून प्रश्नाचा मोहरा बदलत गेला. करिंथमधली भांडणे काही मिटली नव्हती. पौलाच्या पत्राला चाळीसेक वर्षे उलटल्यावर रोमच्या मंडळीला तिकडे लांबलचक पत्र लिहावे लागले, ते क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. त्या वेळी तिथल्या लोकांनी आपल्या वडिलांना पदावरून दूर केले होते. पत्राचा सगळा भर त्या वडिलांना मान देण्यावर आणि शिस्तीवर आहे. त्यांचा कारभार कसा होता, लोक का उठले, याची चौकशी त्यात जवळजवळ नाही. इ.स. २५० मध्ये डेशियस बादशहाने सर्वांना देवतांपुढे बळी अर्पण करण्याचा हुकूम दिला तेव्हा हजारो ख्रिस्ती लोकांनी तो पाळला किंवा पाळल्याचे दाखले मिळवले. छळ थांबल्यावर या पडलेल्यांना परत घ्यायचे का, यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा नोव्हेशियन यांचे पक्ष भिडले. पुढे डायोक्लेशियनच्या छळात पवित्र ग्रंथ सरकारच्या स्वाधीन करणाऱ्या धर्मगुरूंच्या हातून झालेले संस्कार वैध मानायचे का, या वादावर उत्तर आफ्रिकेची मंडळी शतकभर फुटलेली राहिली. असे संस्कार नाकारणाऱ्या डोनाटस याच्या अनुयायांना शुद्ध मंडळी हवी होती. ऑगस्टीनने उत्तर दिले की शेतात गहू आणि निदण सोबतच वाढणार आणि निवड कापणीच्या दिवशी होणार, आणि संस्काराचे मोल देणाऱ्याच्या चारित्र्यावर नाही, ख्रिस्तावर अवलंबून आहे.

ऑगस्टीनचे उत्तर माणुसकीचे होते. त्याने पडलेल्यांना दार उघडे ठेवले. पण त्याचा एक परिणाम असा झाला की मंडळी पवित्र आणि तिच्यातली माणसे पापी, ही विभागणी पक्की झाली. माणसे चुकतात, मंडळी चुकत नाही, अशी ती समजली जाऊ लागली. अपवाद होते. कैसरियाचा बिशप युसीबियस याने लिहिले आहे की ३०३ च्या महाछळापूर्वी सुखाच्या दिवसांत मंडळ्या आळशी झाल्या होत्या, धर्मगुरू एकमेकांवर तुटून पडत होते, आणि छळ हा त्याचाच दंड होता. धर्मसुधारणेच्या काळात लूथरने व्यक्तींच्या दुराचारापेक्षा पोपशाहीच्या रचनेवरच हल्ला चढवला, हे खरे. मात्र ज्या प्रॉटेस्टंट मंडळ्या त्यातून उभ्या राहिल्या त्यांनी सात मंडळ्यांचे निरोप आपल्यापेक्षा रोमला लावण्यात जास्त आनंद मानला. एकोणिसाव्या शतकात आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमुळे त्यानंतरही या सात मंडळ्या म्हणजे ख्रिस्ती इतिहासाचे सात कालखंड, हा अर्थ फार लोकप्रिय झाला. थुवतीरा म्हणजे मध्ययुगीन रोम, फिलदेल्फिया म्हणजे मिशनरी चळवळींचा काळ, लावदिकीया म्हणजे शेवटचा धर्मभ्रष्ट काळ. वाचणारा स्वतःला बहुधा फिलदेल्फियात बसवून मोकळा होई.

याच फिलदेल्फियाच्या काळात मिशनरी छत्तीसगडात आले. भोसल्यांच्या हातून हा प्रदेश इंग्रजांकडे गेला होता आणि १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग झाला होता. ऑस्कर लोर हा सायलेशियातला जर्मन. गॉसनर मिशनतर्फे रांचीला काम करत असताना १८५७ च्या उठावात तो तिथून निसटला आणि अमेरिकेला गेला. १८६८ मध्ये अमेरिकेतल्या जर्मन इव्हँजेलिकल मिशनरी सोसायटीने त्याला पुन्हा हिंदुस्थानात पाठवले. नागपूरच्या फ्री चर्च मिशनच्या सल्ल्याने तो रायपूरकडे वळला. तिथे सतनामी समाजाविषयी ऐकून त्याच्या आशा पल्लवित झाल्या. गिरौदपुरीच्या घासीदासांनी, परंपरेनुसार ज्यांचा जन्म १७५६ चा, छत्तीसगडच्या चर्मकार समाजाला एका सतनामाची उपासना शिकवली होती; मूर्ती, मांस, दारू, तंबाखू सोडायला लावले होते आणि जातींचा उच्चनीच भाव नाकारला होता. असा समाज अख्खाच्या अख्खा ख्रिस्ताकडे येईल असे लोरला वाटले. भंडार येथे सतनामी गुरूंच्या गादीच्या ठिकाणी त्याचे स्वागतही झाले. पण काही थोडे सतनामी बाप्तिस्मा घेऊन सतनामी खुणा टाकू लागले तसे वारे फिरले. गुरू आपल्या जागी राहिले आणि समाजही.

लोरने रायपूरच्या उत्तरेला सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेऊन बिश्रामपूर वसवले. इथेच पुढच्या साऱ्या प्रकरणाची गोम आहे. मिशनरी या गावाचा मालगुजार, म्हणजे जमीनधनी झाला. जमीन तो देणार, बी-बियाण्याला आणि बैलाला कर्ज तो देणार, शाळा आणि दवाखाना त्याचा, जंगलातले लाकूड तोडायची परवानगी त्याची, आणि रविवारी व्यासपीठावरही तोच. मंडळी वाढली ती सावकाश, नात्यागोत्याच्या धाग्याने. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर अनाथ मुलांमुळे आकडे फुगले. बिश्रामपूरचा तपशीलवार अभ्यास करणारे इतिहासकार सौरभ दुबे यांनी दाखवले आहे की गावकऱ्यांच्या लेखी मालगुजार, पंचप्रमुख आणि पाळक या भूमिका वेगळ्या नव्हत्याच.

१८९० मध्ये बिश्रामपूरच्या मंडळीचे नियम हिंदीत लिहून काढण्यात आले. त्यानंतरच्या दशकांत शिस्तीचा सगळा रोख विश्वासूंच्या खाजगी वर्तनावर राहिला. वादाचा कळीचा मुद्दा होता चुरीचा. छत्तीसगडमध्ये विधवा किंवा नवऱ्यापासून सुटलेली स्त्री दुसऱ्या पुरुषाने दिलेल्या बांगड्या घालून त्याच्या घरी नांदायला जाते, महाराष्ट्रातल्या पाटासारखीच ही रीत. समाजाच्या दृष्टीने ते लग्नच. मिशनरींच्या दृष्टीने पहिला जोडीदार हयात असेल तर तो व्यभिचार. जोडप्यांना मंडळीबाहेर काढायचे, मग पश्चात्ताप कबूल करून घेऊन परत घ्यायचे, असे चक्र वर्षानुवर्षे चालले. लोक परत येत, पण चुरीची रीत काही सुटत नव्हती. जातीच्या आणि भावकीच्या पंचायतीच्या सवयीही मंडळीच्या सभेत तशाच उतरल्या. हे दोष खरे होते. घर सोडून जाणाऱ्या पुरुषांमुळे बायकांचे हाल होत, आणि आपल्याहून खालच्या मानलेल्या जातीच्या नवख्रिस्ती माणसापासून अंतर राखणे हे सुवार्तेच्या विरुद्धच होते. पण या नोंदींत दुसऱ्या बाजूचा दोष शोधूनही सापडत नाही. मालक असलेला धर्मगुरू आपल्याच कुळाला प्रभुभोजनातून वगळतो तेव्हा त्यात जमिनीचा धाक किती आणि आत्म्याची काळजी किती, हा प्रश्न त्या नियमावलीला पडलेला नाही.

पत्रव्यवहाराची दिशा पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. बिश्रामपूर, रायपूर, चंदखुरी येथील अहवाल अमेरिकेत, तिथल्या जर्मन वाचकांसाठी निघणाऱ्या मिशन-मासिकांत छापले जात. नवख्रिस्ती माणसे कुठे अडखळली हे देणगीदारांना कळत होते. मिशनची व्यवस्था कुठे अडखळली हे त्या माणसांना कळवणारे पत्र उलट दिशेने येत नव्हते. प्रकटीकरणातल्या निरोपांची जी रचना, तिच्या अगदी उलट हा कारभार होता.

१९२० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि १९३० च्या दशकात मिशनने धोरण बदलले. मंडळ्यांनी स्वावलंबी व्हावे, मिशनच्या मदतीवर विसंबू नये, असे ठरले. तत्त्व म्हणून त्यात गैर काही नव्हते. बिश्रामपूरच्या लोकांना मात्र तो विश्वासघात वाटला. ज्याने माय-बाप म्हणवून घेतले, जमीन-जंगलाची मालकी ठेवली, त्याने जबाबदारी तेवढी झटकावी, हे त्यांना पटेना. त्यांनी मिशनरीविरुद्ध अर्ज केले, बैठका घेतल्या आणि मालगुजाराचा धर्म त्याला ऐकवला. मिशनच्या कागदपत्रांत याला कृतघ्नपणा आणि आध्यात्मिक दुबळेपण म्हटले गेले. दुबे यांचे वाचन वेगळे आहे आणि ते जास्त पटणारे आहे: या लोकांनी मिशनरींनीच रुजवलेली भाषा त्यांच्यावर उलटवली होती. परावलंबन हा दोष होताच, पण तो साठ वर्षांच्या व्यवस्थेने घडवलेला दोष होता आणि त्याचे माप फक्त एका पारड्यात टाकले जात होते. १९५१ मध्ये मालगुजारी कायद्यानेच संपली. मंडळीने आपणहून तो निर्णय घेतला असता तर गोष्ट निराळी झाली असती.

संस्थेच्या दोषाविषयी मराठी ख्रिस्ती समाजात याच्या आधीच बोलणे सुरू झाले होते, आणि त्यातला एक धागा छत्तीसगडला शिवून जातो. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले असताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्या वाचनातून पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशके काम केल्यावर टिळकांचे मत असे बनले की मिशनच्या पगारावर आणि देखरेखीखाली वाढलेली मंडळी ख्रिस्ताची शिष्य होण्याऐवजी मिशनची नोकर होते. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची संगत त्यांनी सुरू केली. १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दरबार फार वाढला नाही. पंडिता रमाबाईंनी तर १८८० च्या दशकातच इंग्लंडमधल्या आपल्या हितचिंतकांना पत्रोपत्री सुनावले होते की बिशपांचा अधिकार आणि पंथापंथांची वेगळी चूल यांचा ख्रिस्ताच्या शिकवणीशी संबंध आपल्याला दिसत नाही. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ मध्ये जे उज्जीवन झाले त्यात शेकडो मुलींनी रडत आपापली पापे कबूल केली. त्या उज्जीवनाचा प्रभाव दूरवर गेला. पण तिथेही कबुली व्यक्तीची होती. संस्थेला प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई आणि उज्जीवन घडवणाऱ्या रमाबाई यांची सांगड नंतरच्या मंडळ्यांनी घातली नाही. त्यांनी उज्जीवन तेवढे घेतले.

१९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय प्रतिनिधी व्ही. एस. अझरिया यांनी मिशनरींना तोंडावर सांगितले की त्यांचा त्याग भारतीय मंडळीने पाहिला आहे, मैत्री अजून पाहिलेली नाही. १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे अशीच परिषद भरली तेव्हा चेंचय्या, चक्करै या भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘रिथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हे पुस्तक काढून मंडळी नावाची संस्थाच भारतात अपरिहार्य आहे का, असा प्रश्न टाकला.

बिश्रामपूरचे मिशन चालवणाऱ्या जर्मन इव्हँजेलिकल सिनॉडमध्येही संस्थेच्या दोषाची चर्चा याच काळात झाली, पण अमेरिकेत. राइनहोल्ड आणि एच. रिचर्ड निबूर हे भाऊ याच सिनॉडच्या एका पाळकाचे मुलगे, दोघेही सेंट लुईसजवळच्या ईडन सेमिनरीत शिकलेले. रिचर्ड निबूर यांनी १९२९ मध्ये दाखवले की चर्चचे पंथभेद हे सिद्धांतांमुळे पडल्याचे सांगितले जाते, पण त्यांच्या मुळाशी वर्ग, वंश आणि प्रदेश असतात. पंथव्यवस्थेला त्यांनी जातिव्यवस्थेशी केलेली तडजोड म्हटले. राइनहोल्ड यांनी १९३२ मध्ये मांडले की माणूस एकेकटा जितका सचोटीने वागू शकतो तितका समूह वागत नाही, कारण समूहाचा स्वार्थ त्याला सद्गुणच वाटतो. याच सिनॉडच्या हाती छत्तीसगडमधली मालगुजारी होती. या दोन भावांच्या मांडणीचा प्रकाश तिच्यावर पडायला हरकत नव्हती. पडल्याचे दिसत नाही.

त्याऐवजी छत्तीसगडमधून अपयशाचे एक तिसरे माप पुढे आले. दमोह येथे १८९७ मध्ये जन्मलेले डोनल्ड मॅकगॅव्हरन यांनी डिसायपल्स मिशनतर्फे बिलासपूरजवळ तखतपूर भागात सतनामींमध्ये १९३० च्या दशकापासून १९५४ पर्यंत काम केले. मिशनचे आवार, शाळा, दवाखाना, नोकऱ्या यांच्या कुंपणात गोळा केलेली मंडळी वाढत नाही, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. १९५५ च्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या पुस्तकात त्यांनी उपाय सुचवला: माणसे एकेकटी तोडून आणू नयेत, जात-गोत-भावकीच्या पुलांवरून समाजच्या समाज येऊ द्यावेत. त्यातून चर्चवाढीचा अभ्यास ही जगभर पसरलेली शाखा निघाली. पण पुढे तिच्या हिशेबात मंडळीचा दोष म्हणजे वाढ न होणे, एवढाच उरला. जातीच्या चौकटीला हात न लावता आलेल्या मंडळीत पंगतीत कोण कुठे बसतो, हे त्या तक्त्यात मावत नाही. करिंथच्या पंगतीतला भेदही त्यात मावला नसता. मॅकगॅव्हरन यांच्या स्वतःच्या सतनामी कार्यातही दीड-दोन दशकांत हजाराच्या आसपास माणसे आली आणि ती चळवळ थांबली.

याच सुमारास बाहेरून दडपण आले. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. मिशनरी शिक्षण, औषधोपचार आणि कर्ज यांच्या आमिषाने धर्मांतर करतात, असा त्यात ठपका होता. १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या नावाचा कायदा झाला. ख्रिस्ती समाजाने अहवाल पक्षपाती म्हणून फेटाळला आणि त्याला तशी कारणेही होती. पण आरोपाचे स्वरूप असे होते की कर्ज आणि धर्म एकाच हातात असण्याने मंडळीच्या आत काय बिघडते, हा बिश्रामपूरच्या लोकांनी विचारलेला प्रश्न आता उघडपणे मांडणे म्हणजे विरोधकाला हत्यार देणे ठरू लागले. वेढ्यात सापडलेला समाज आपली उणीदुणी काढत नाही, हे कोणत्याही अल्पसंख्याकांच्या बाबतीत दिसते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. रायपूर आणि बिश्रामपूरच्या जुन्या इव्हँजेलिकल मंडळ्या त्यात आल्या; धमतरीचे मेनोनाइट बाहेर राहिले. रायपूर हे आज या चर्चच्या छत्तीसगड धर्मप्रांताचे केंद्र आहे. पंथभेदाचे पाप निदान काही अंशी पुसले गेले. मालमत्ता, शाळा आणि दवाखाने मात्र परदेशी मिशनकडून देशी मंडळीकडे आले तेव्हा सगळी सूत्रे एका हाती ठेवण्याची रीतही सोबत आली. त्यामुळे भारतातल्या बऱ्याच धर्मप्रांतांत निवडणुका आणि जमिनी यांवरून खटले चालतात. विश्वासू एकमेकांना कोर्टात खेचतात ही पौलाची तक्रार आहे तिथेच आहे.

व्यवस्थेच्या दोषाला धर्मशास्त्राची भाषा दलित ख्रिस्ती विचारवंतांनी दिली. महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणात सांगितले की भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र आजवर ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद करत राहिले आणि मंडळीतल्या बहुसंख्य माणसांच्या वेदनेशी त्याने संवाद केलाच नाही. इथे पापी माणसाऐवजी पापाचा बळी झालेला माणूस चर्चेच्या मध्यभागी आला. सतनामी मुळाच्या ख्रिस्ती कुटुंबांचा प्रश्न या चर्चेत ठळकपणे बसतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितांना नाही. मंडळ्या यासाठी सरकारकडे दाद मागतात तेव्हा त्यांना धर्मांतरानंतरही जात उरते असे मांडावे लागते, आणि मग ती मंडळीतही उरते का, हा प्रश्न टाळता येत नाही.

कॅथलिक चर्चमध्येही हा प्रवास समांतर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मंडळी पवित्र असली तरी तिला सतत शुद्धीची गरज आहे असे मान्य केले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर क्षमायाचना केली, पण शब्द जपून योजले: मंडळीच्या मुलामुलींनी केलेल्या पापांबद्दल. ऑगस्टीनच्या काळची विभागणी तिथे कायम आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले तेव्हा भाषा थोडी पुढे सरकली. भारतातल्या कॅथलिकांत दलितांची संख्या निम्म्याहून बरीच जास्त आहे आणि नेतृत्वात ती फार थोडी आहे, हे त्यात चर्चने स्वतःच मांडले, आणि उपाय म्हणून धर्मगुरूंचे प्रशिक्षण, शाळांतले प्रवेश व नोकऱ्या यांकडे बोट दाखवले. यरुशलेमेत वाटपाचे काम ग्रीकभाषी सातांच्या हाती देण्यात आले होते. हे धोरण अमलात आणणाऱ्या धर्मप्रांतांच्या समित्यांवर कोण बसते, यावर त्याचे पुढचे मोजमाप अवलंबून आहे.